फाइलमधला प्रत्येक कागद अपिलात चालत नाही

सिन्नर किंवा इगतपुरीच्या कोर्टात जमिनीचा दावा हरला, की पक्षकार कागदांची पिशवी घेऊन नाशिकच्या जिल्हा न्यायालयात अपिलाला येतो. पिशवीतले बरेचसे कागद खालच्या कोर्टात दाखल केलेले असतात. तरी त्यांतले सगळे अपिलात वाचून दाखवता येतील असं नाही.

कागद दाखल होणं वेगळं आणि पुराव्यात येणं वेगळं. दस्तऐवज यादीसोबत दिलेल्या कागदाला फक्त यादीचा क्रमांक मिळतो, समजा 4/7. साक्षीदाराने तो शाबीत केला आणि न्यायाधीशांनी पुराव्यात घेतला, की त्याला स्वतंत्र निशाणी, म्हणजे पुराव्याचा क्रमांक, पडते. मग कागदावर दाव्याचा क्रमांक, हजर करणाऱ्याचं नाव, तारीख आणि न्यायाधीशांची सही येते. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 13, नियम 7 स्पष्ट आहे: पुराव्यात घेतलेला कागद रेकॉर्डचा भाग, न घेतलेला हजर करणाऱ्याला परत.

घोळ होतो तो साठेखताच्या झेरॉक्सवर. मूळ कुठे आहे, ते का हजर करता येत नाही, हे सरतपासाच्या (आपल्याच साक्षीदाराच्या मूळ साक्षीच्या) शपथपत्रात लिहिलेलंच नसतं. मग ती झेरॉक्स 'आर्टिकल अ' म्हणून ओळखीपुरती राहते आणि निकालात तिचा विचार होत नाही. म्हणून पुरावा संपल्याची पुरसिस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, देण्याआधी यादी हातात घेऊन एकेक कागद निशाण्यांशी ताडून पाहावा. हे अर्ध्या तासाचं काम आहे आणि ते टाळल्याची किंमत फार मोठी असते. अर्थात निशाणी पडली म्हणजे मजकूर खरा ठरला, असंही नाही.

अपिलात खालच्या कोर्टाचा 'आर अँड पी' (रेकॉर्ड अँड प्रोसिडिंग्ज, म्हणजे दाव्याची सगळी कागदपत्रं) मागवला जातो: वादपत्र, कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर), मुद्दे, साक्षी, निशाण्या, अर्ज आणि त्यांवरचे हुकूम, रोजनामा (कामकाजाची तारीखवार नोंद). अपील मेमोला (अपिलाच्या अर्जाला) नवा फेरफार किंवा फोटो नुसता जोडून भागत नाही. त्यासाठी आदेश 41, नियम 27 चा अर्ज लागतो. खालच्या कोर्टाने पुरावा चुकीने नाकारला, किंवा पुरेशी काळजी घेऊनही तो तेव्हा माहीत नव्हता वा मिळाला नाही, किंवा निकाल देण्यासाठी अपील कोर्टालाच त्याची गरज वाटली, तरच वाट मोकळी होते. पुराव्यातली राहिलेली भोकं बुजवायला हा नियम नाही. अशा अर्जाचा निर्णय अपिलाच्या अंतिम सुनावणीबरोबर व्हावा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये इब्राहिम उद्दीन प्रकरणात सांगितलं आहे.

निकालात 'अमुक मुद्दा वकिलांनी सोडून दिला' असं चुकीचं लिहिलं गेलं, तर ते अपिलात पहिल्यांदा सांगून उपयोग नाही. रामदास नायक प्रकरणापासून, म्हणजे 1982 पासून, दंडक असा की आठवण ताजी असताना त्याच न्यायाधीशांच्या नजरेस ती चूक आणून द्यायची. जिल्हा न्यायालयातल्या अपिलाची मुदत हुकूमनाम्यापासून (डिक्रीपासून) 30 दिवस. नक्कल मिळायला लागलेला वेळ त्यातून वगळतात, पण नकलेचा अर्ज निकालाच्याच दिवशी टाकावा.