पत्रिकेची लिंक आणि बँकेची पोच

अण्णांना लिंक आली ती अनोळखी नंबरवरून नाही, आमच्या चुलतभावाच्या व्हॉट्सॲपवरून. 'लग्नाला यायचं हं, पत्रिका खाली.' त्याच्या घरात लग्नाचं कोणीच नाही हे अण्णांना आठवलं ते 38,000 रुपये गेल्यावर. भावाचा फोन आधीच कुणाच्या तरी ताब्यात गेला होता.

लिंकवरून उतरलेल्या फाइलच्या नावाशेवटी एपीके होतं. पत्रिका फोटो असते नाहीतर पीडीएफ. एपीके म्हणजे ॲप. फोनने अडवलंही होतं, पण अण्णांनी अनोळखी ॲपची परवानगी दिली, पाठोपाठ एसएमएस वाचायचीही. झालं, ओटीपी परस्पर चोराकडे.

1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, तक्रार पंधरा मिनिटांत झाली, क्रमांकही मिळाला. कस्टमर केअरने खातं गोठवलं. दुसरा शनिवार, त्यामुळे शाखा थेट सोमवारी.

आणि तिथे माझं डोकं फिरलं. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "पोलिसांचा शिक्का आणा." पोलीस ठाण्यात म्हणाले, "1930 ला झालंय ना, मग बँकेत जा." परत आले तर साहेब जेवायला गेलेले. दीड तासाने अर्ज घेतला, पण दुसऱ्या प्रतीवर पोच द्यायला तयार नाहीत. "आम्ही पोच देत नाही, ईमेल करा." ईमेल शनिवारीच केला होता, त्याला मशीनचं उत्तर आलं होतं. पोचेवर मी अडून बसले कारण रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाप्रमाणे, बँकेला कळवल्यानंतर जे पैसे जातील ते बँकेच्या अंगावर. कधी कळवलं याचा कागद नको? शेवटी म्हटलं, ठीक आहे, अर्जावर 'पोच नाकारली' असं लिहून रजिस्टर एडीने पाठवते. तेव्हा कुठे ड्रॉवरमधून शिक्का निघाला. तारीख पुसट उमटली, म्हणून वेळेसकट पेनाने लिहून घेतली. अण्णा बाकावर बसून मला "जाऊ दे गं" म्हणत होते.

हो, एक राहिलं: असं झालं की सगळ्यात आधी फोन फ्लाइट मोडवर टाका आणि तक्रार दुसऱ्या फोनवरून करा. आम्ही उलटं केलं. ते ॲप स्क्रीनवर दिसतही नव्हतं, सेटिंग्जमधल्या यादीत सापडलं.

लिंकचा पत्ता बघायचा तर पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या अलीकडचं शेवटचं नाव बघा. 'ड्राइव्ह डॉट गूगल डॉट कॉम' आणि लगेच रेघ असेल तर जागा गूगलची. 'कॉम'नंतर पुन्हा डॉट आणि आणखी काही असेल, तर मालक भलताच. अर्थात खऱ्या ड्राइव्हवरही कुणीही घाण ठेवू शकतं, म्हणून मी आता आधी फोन करते, "तूच पाठवलंस का?"

11,000 रुपये कुठल्याशा खात्यात होल्डवर आहेत म्हणे. बाकीचे गेले. पोच मी लॅमिनेट करून घेतली आहे.