भाडेकरूंसह विकणे आहे

फोर्टातली जुनी ऑफिसची इमारत विकायला निघाली की तिच्या गुणांची यादी ठरलेली असते. बारा फूट उंचीचे मजले, मोझेकची फरशी, सागवानी दारं, चर्चगेट आणि सीएसएमटी दोन्हीकडून पायी येण्याजोगी जागा, भक्कम भाडेकरू. आणि शेवटी 'हेरिटेज लुक', ज्याचा अर्थ ब्रोकरला विचारला तर तो विषय बदलतो.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. यादीतल्या गोष्टी बहुतेक खऱ्याच असतात. त्या खऱ्या आहेत का यापेक्षा त्या अजून किती वर्षं खऱ्या राहतील, हे सांगायचे मला पैसे मिळतात.

ही इमारत फिरोजशहा मेहता रोडच्या आतल्या गल्लीतली. तळमजला अधिक सहा, बांधकाम १९५०च्या दशकातलं, मालकी एका व्यापारी घराण्याच्या ट्रस्टची. घेणारी पार्टी म्हणजे छोटी रीट योजना, म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र करून इमारत घ्यायची आणि तिचं भाडं त्यांच्यात वाटायचं अशी योजना, काढू पाहणारी मंडळी. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने मार्च २०२४ मध्ये नियम बदलून ५० ते ५०० कोटींच्या मालमत्तांसाठी ही वाट मोकळी केली. किमान दोनशे गुंतवणूकदार, एका युनिटची किंमत निदान १० लाख, आणि ९५ टक्के पैसा तयार, भाडं देणाऱ्या मालमत्तेतच घालायचा. म्हणजे उद्या ठाण्यातला एखादा निवृत्त बँक मॅनेजर पीएफच्या पैशातून या इमारतीचा दोनशेवा-तीनशेवा हिस्सा घेणार. त्याने ती कधी पाहिलेलीही नसणार. मला हे लोक डोळ्यांसमोर ठेवावे लागतात, नाहीतर सही करताना हात सैल सुटतो.

स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, आधी एकदा झालेलं होतं. तीस वर्षांवरच्या इमारतीला महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब प्रमाणे ते करावंच लागतं. त्या रिपोर्टमध्ये रिबाउंड हॅमरचे आकडे होते आणि ते फारच सुंदर होते. सत्तर वर्षांच्या काँक्रीटला शोभणार नाहीत इतके सुंदर. हॅमर पृष्ठभागावर आदळून किती उसळतो यावरून काँक्रीटची ताकद अंदाजतात. आता गंमत अशी, की जुन्या काँक्रीटमध्ये हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरतो आणि वरची कातडी अधिकच टणक होते. हॅमर जोरात उसळतो, आकडा चढतो. पण त्याच मुरण्याने काँक्रीटचा अल्कधर्मी गुण मरतो, आणि आतल्या लोखंडाला गंजण्यापासून वाचवणारा तोच असतो. थोडक्यात, आकडा चांगला येतो तेव्हाच आतली सळई उघडी पडत आलेली असते. हॅमर वाईट नाही. एकट्या हॅमरवर विसंबून रिपोर्ट लिहिणारे वाईट.

सकाळी आत शिरल्यावर मात्र मी दोन मिनिटं कामच विसरले. फोर्टात आपण बघतो त्या नक्षीदार इमारती वेगळ्या. १९३६ची न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सची इमारत घ्या, तिच्या दर्शनी भिंतीवर ना. ग. पानसऱ्यांची शेतकरी-कामकऱ्यांची भलीथोरली शिल्पं आहेत. स्वातंत्र्यानंतरच्या या पिढीतल्या इमारतींना तेवढी चैन परवडणारी नव्हती. सिमेंट आणि लोखंड दोन्ही सरकारी नियंत्रणात, परमिटवर मिळायचं. तेव्हा शिल्पं गेली आणि उरलं ते निव्वळ हिशेबी डोकं. सरळ रेषेतले कॉलम, प्रत्येक खिडकीवर अडीच फुटी छज्जा, खिडकीच्या वर उघडझाप होणारं व्हेंटिलेटर, आणि मधोमध चौक. रस्त्याकडून वारा आत, चौकातून वर. बारा फूट उंची शान म्हणून दिलेली नाही. गरम हवा डोक्याच्या वर राहावी म्हणून दिलेली आहे. एसीशिवाय मुंबईत माणसांना आठ तास बसवायचं कसं, या प्रश्नाचं ते काँक्रीटमधलं उत्तर होतं, आणि चोख होतं.

जिन्यातली मोझेकची फरशी मधोमध झिजून खोलगट झालेली. लिफ्टला जाळीचा सरकता दरवाजा. जिन्याच्या वळणावर प्रत्येक मजल्याचं स्वच्छतागृह, आणि ते फक्त पुरुषांचं. बायकांचं एकच, तिसऱ्या मजल्यावर, कधीतरी मागाहून काढलेलं. १९५०च्या दशकात ऑफिसात कोण बसणार हे नकाशा काढणाऱ्याने गृहीत धरलेलं होतं. ब्रोशरमध्ये हा मुद्दा नव्हता. मी सहाव्या मजल्यावरून उतरून रांगेत उभी राहिले तेव्हा रिपोर्टमध्ये घालायचं ठरवलं.

सहाव्या आणि पाचव्या मजल्यावर बँकेचं ऑफिस. ब्रोशरमधला 'भक्कम भाडेकरू' तो हाच. इथे बारा फूट उंची कुठेच दिसत नव्हती. फॉल्स सीलिंग साडेआठ फुटांवर, वर डक्ट आणि वायरी. खिडक्या प्लायने बंद. व्हेंटिलेटरमधून तांब्याचे पाइप बाहेर काढलेले, आणि छज्ज्यावर एसीची आउटडोअर युनिट्स. नुसती ठेवलेली नाहीत. छज्ज्याला भोकं पाडून बोल्ट केलेली. एका छज्ज्यावर दोन-दोन, काही ठिकाणी जुनं बंद पडलेलं काढायचे कष्ट न घेता त्याच्याशेजारी नवं.

"मॅडम, खालून बघितलंत ना? एक तडा नाही," ब्रोकर म्हणाला. खरंच नव्हता. खालची बाजू दोनच वर्षांपूर्वी रंगवलेली.

छज्जा खालून बघून काही कळत नाही, हे मी किती जणांना सांगितलं असेल. छज्जा भिंतीतून बाहेर लटकतो, त्यामुळे ताण वरच्या बाजूला येतो आणि मुख्य सळ्याही वरच्याच बाजूला असतात. आणि एसीचं पाणी साचतं तेही वरच. मूळचा उतार युनिटच्या पायांनी आणि सिमेंटच्या थापांनी अडवलेला, मग पाणी साचणार, वाळणार, पुन्हा साचणार. वर समुद्राची खारी हवा. खाली रंग नवाकोरा, आणि ज्या सळईवर सगळं लटकतंय ती वरून खलास होतेय.

प्लाय काढायला बँकेच्या अ‍ॅडमिनवाल्याने बरीच खळखळ केली, शेवटी एक खिडकी उघडली. माझा साइट असिस्टंट पट्टा बांधून बाहेर वाकला. वरून हातोडी मारली तर खणखणीत नाही, बद्द आवाज. दुसऱ्या फटक्याला कव्हरचा, म्हणजे सळईवरच्या काँक्रीटच्या थराचा, तळहाताएवढा पापुद्रा आपसूक उचलला गेला. खाली सळई: जुनी, गोल, गुळगुळीत माइल्ड स्टीलची. नकाशात अर्धा इंच जाडीची, सगळी मापं तेव्हाची फूट-इंचातली. गंज खरवडून कॅलिपर लावला तर जेमतेम आठ मिलिमीटर भरली. साडेबारा मिलिमीटर व्यासाची आठ झाली म्हणजे तिचं क्षेत्रफळ निम्म्याहून कमी उरलं. ताज्या तोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फथॅलिन मारलं. धड काँक्रीट या द्रावणाने गडद गुलाबी होतं. इथे थेंब ओघळले ते पाण्यासारखे. सळईच्या खालीही रंग नाही.

"हे एकाच छज्ज्याचं असेल," ब्रोकर म्हणाला. आवाज जरा खाली आला होता.

म्हणून मग आणखी छज्जे. काँक्रीट न फोडता सळईचा विद्युतदाब मोजणारं हाफ-सेलचं यंत्र लावलं. त्यात उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे आकडा गेला की गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांवर धरतात. बँकेच्या दोन्ही मजल्यांवर एसी असलेल्या जवळजवळ प्रत्येक छज्ज्यावर तो तिकडेच जात होता. आतल्या कॉलमची अवस्था मात्र बरी निघाली. काँक्रीटचे नळकांड्यासारखे तुकडे, म्हणजे कोअर, काढून लॅबला पाठवले त्यांचे निकालही पुढे ठीक आले.

चौथ्या मजल्यावर कस्टम्सची क्लिअरिंगची कामं करणारी जुनी भागीदारी फर्म आहे. अर्ध्या मजल्यावर ते, अर्ध्यावर एक मोठी कंपनी. दार उघडताच वारा अंगावर आला. खिडक्या सताड उघड्या, वरची व्हेंटिलेटर्स उघडी, लांब दांड्याचे पंखे संथ फिरतायत, एसी एकही नाही. टेबलामागे एक कारकून काका, सत्तरीचे तरी असतील, रत्नागिरीकडचा हेल अजून शाबूत.

"बसा मॅडम. चहा सांगू? इमारत विकतायत म्हणे."

"तपासायला आलेय काका. भाडं किती भरता?"

ते नुसते हसले. "लिहू नका. चार आकडी नाही एवढं समजा."

गुंतवणूकदाराला इथला हिशेब समजावणं सर्वात अवघड. १९४७च्या बॉम्बे रेंट अ‍ॅक्टने भाडी सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधली. पुढे १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला, आणि त्याने वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा दिली. २०० रुपये भाडं असेल तर चक्रवाढीने धरलं तरी पंचवीस वर्षांत ते ५३३ वर पोचतं. फोर्टात चौरस फुटाला काय भाव आहे तो ब्रोकरला विचारा. त्याच कायद्याने बँका, सरकारी उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवलाच्या कंपन्यांचं संरक्षण मात्र काढून घेतलं. त्यामुळे एकाच मजल्यावर समोरासमोरच्या दोन दारांत बाजारभाव आणि १९४० दोन्ही राहतात. ब्रोशरमध्ये सरासरी दिली होती. अशा इमारतीत सरासरीला काहीही अर्थ नसतो.

काकांच्या खिडकीतून मी स्वतः बाहेर वाकले. त्यांच्या छज्ज्यावर काही नव्हतं, कबुतरांची घाण सोडली तर. सिमेंटचा मूळ उतार जसाच्या तसा, पावसाचं पाणी सरळ खाली. परवानगी घेऊन कडेला छोटासा टवका काढला. वरचा अर्धा-पाऊण इंच इथेही रंगला नाही, सत्तर वर्षांत तेवढं मुरणारच. त्याखाली छान गुलाबी पट्टा. सळईवर तपकिरी धूळ, बोटाने पुसली जाईल इतकी. कॅलिपरवर ती बारा मिलिमीटरच्या वर भरली. काँक्रीट त्याच मिश्रणाचं, ठेकेदार तोच, समुद्र तोच. पाणी साचलं नाही, एवढाच फरक.

"साहेबांनी एसी बसवायचं काढलं होतं मागे," काका म्हणाले, "पण विजेचा लोड वाढवायचा तर बेस्टचा खर्च कोण करणार, म्हणून राहिलं."

त्यांच्याच मजल्यावरच्या कंपनीच्या बाजूला पुन्हा बँकेसारखीच कथा. मग मी असिस्टंटला बसवून साधा तक्ता करायला लावला: एका रकान्यात भाडं, दुसऱ्यात छज्ज्याची अवस्था. जिथे भाडं बाजारभावाने, तिथे छज्जे गेलेले. जिथे भाडं नाममात्र, तिथे बहुतेक धड. यादीत इमारतीचा सर्वात मोठा दोष म्हणून ज्यांचं नाव यायचं, त्यांनीच इमारतीचा तेवढा भाग सांभाळला होता, तोही पदरमोड न करता. उलट ज्या भाड्यावर सगळी योजना उभी, ते भाडं देणारे रोज थोडी थोडी इमारत गंजवत होते. मला हा तक्ता फार आवडला. क्लायंटला अजिबात आवडला नाही.

गच्चीवर मोबाइल टॉवर होता, त्याचं भाडं ब्रोशरमध्ये 'अतिरिक्त उत्पन्न' म्हणून दाखवलेलं. विटांच्या तुकड्यांच्या (ब्रिकबॅट) कोब्यावर पूर्वी कधीतरी दुसरा कोबा आणि त्यावर चायना मोझेक असा थरावर थर चढवलेला, त्यात टॉवरचं वजन. गळती थांबवायला मुंबईत सगळे हेच करतात आणि स्लॅबला विचारत कोणी नाही. आगीपासून बचावाची यंत्रणा चालू असल्याचा दर सहा महिन्यांचा दाखला, म्हणजे फायरचा फॉर्म बी, मागितला तर तो दोन सहामाह्यांपूर्वीचा निघाला. ही कामं किरकोळ, पैसे टाकले की होणारी.

रिपोर्ट दिल्यावर ब्रोकरचा फोन आला. "मॅडम, छज्जे हे नॉन-स्ट्रक्चरल म्हणता येतील का?"

"खाली फुटपाथवर सँडविचवाला उभा असतो," मी म्हटलं, "त्याच्या डोक्यावर पडल्यावर काय म्हणायचं ते ठरवा."

बैठकीत क्लायंटने विचारलं ते वेगळंच: चौथ्या मजल्यावरचे जुने भाडेकरू काढता येतील का? तो वकिलाचा प्रश्न, मी उत्तर दिलं नाही. एवढंच म्हटलं, की त्यांच्या जागी बाजारभावाचा भाडेकरू आणणार असाल तर आउटडोअर युनिट कुठे बसणार हे आधी कागदावर ठरवा, नाहीतर सातव्या वर्षी मला परत बोलवाल. पाडून नवी बांधायचाही विषय निघाला. एफएसआयचा, म्हणजे प्लॉटच्या मानाने किती बांधता येईल याचा, नियम मुंबईत यायच्या आधीच्या या इमारतींनी प्लॉट भरभरून वापरलेला असतो, शिवाय इतके भाडेकरू. तो विषय पाच मिनिटांत मिटला.

मी सुचवलं ते असं: बँकेच्या मजल्यांवरचे छज्जे वरून उघडून नव्या सळ्या आणि पॉलिमर मॉर्टरने दुरुस्त करायचे, जे फारच गेलेत ते कापून नव्याने ओतायचे. सगळी युनिट्स चौकाच्या बाजूला लोखंडी सांगाड्यावर, पाणी पाइपने खाली. गच्चीवर आधी जुने कोबे काढायचे, मग टॉवर राहतो का बघायचं. महिलांचं स्वच्छतागृह एकाआड एक मजल्यावर. खर्चाचा आकडा विक्रीच्या किमतीतून वजा करून घेतला गेला. ट्रस्टने कुरकुर केली आणि मान्य केलं.

अडलंय ते बँकेपाशी. त्यांच्या करारात छज्ज्यावर युनिट ठेवायचा हक्क लिहून दिलेला आहे, स्पष्ट शब्दांत, आणि युनिट हलवायचा खर्च कोणाचा याबद्दल करारात अवाक्षर नाही. बँक म्हणते मालकाचा, ट्रस्ट म्हणतो खरेदीदाराचा, खरेदीदार म्हणतो आधी हलवा मग सही. छज्ज्यांखाली सध्या पत्र्याची सुरक्षा-छत्री बांधून घेतली आहे, तिचं बिल मात्र तिघांनी सारखं वाटून भरलं.