गॅलॅक्टिकाच्या धुना पेटीवर

पेटी वाजवणाऱ्यांना एक खोड असते. लग्नाचा बँड असो नाहीतर टीव्हीवरची जाहिरात, कानावर काही पडलं की आधी मनातल्या मनात सा शोधायचा, मग पुढचं ऐकायचं. या खोडीपायीच मी एका अमेरिकन विज्ञानमालिकेतल्या पात्रांच्या धुना स्वरलिपीत उतरवायच्या नादाला लागले. मालिका 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'. १९७८ची जुनी नव्हे, २००३च्या लघुमालिकेपासून सुरू होऊन २००९ला संपलेली नवी.

भाच्यानं ती लावली तेव्हा मी भाकरी थापत होते. शीर्षकसंगीत सुरू झालं आणि बाईच्या आवाजात शब्द आले, 'ॐ भूर्भुवः स्वः'. अंतराळातल्या लढाऊ जहाजाच्या मालिकेत गायत्री मंत्र! मी पिठाच्या हातानं बाहेर आले आणि तो भाग उभ्यानंच बघितला. गोष्ट थोडक्यात अशी: माणसांनीच घडवलेले सायलॉन यंत्रमानव उलटतात, बारा वसाहती बेचिराख करतात आणि उरलीसुरली पन्नासेक हजार माणसं जहाजांच्या ताफ्यातून पृथ्वी शोधत निघतात.

शीर्षकाचं संगीत रिचर्ड गिब्ज यांचं. लघुमालिकेत त्यांच्या हाताखाली काम केलेल्या बेअर मॅकक्रीरी यांनी पुढं जवळजवळ सगळी मालिका सांभाळली. सुरुवातीला निर्मात्यांचा आग्रह होता की अंतराळ म्हटल्यावर जो भव्य वाद्यवृंद येतो तो इथं नको. म्हणून जपानी तायको ढोल आले, दुदुक हे आर्मेनियन फुंकवाद्य आलं, आयरिश पाइप आले, इलेक्ट्रिक सतारही आली. तरीही पात्रांच्या धुना राहिल्या, हे मला महत्त्वाचं वाटतं. 'स्टार ट्रेक'च्या 'नेक्स्ट जनरेशन'मध्ये याच्या उलट झालं. संगीतानं पुढं येऊ नये, धुना लक्षात राहतील अशा नकोत, असं तिथल्या निर्मात्यांचं मत पडलं आणि रॉन जोन्स यांच्यासारखा ठसठशीत लिहिणारा संगीतकार चौथ्या सीझननंतर बाहेर गेला. मी ते भागही बघितलेत. गोष्टी उत्तम, पण रात्री झोपताना गुणगुणायला काही उरत नाही.

आता काम कसं केलं ते सांगते. दिवसा पतसंस्थेतली नोकरी, संध्याकाळी पेटीचा क्लास आणि एकादशीला भजनी मंडळ. त्यामुळं हे सगळं रात्री जेवणं आटोपल्यावर. दोनशे पानी वही घेतली आणि एकेका पात्राच्या नावानं पानं पाडली. हेडफोन हवेतच, कारण धून बहुतेक वेळा बोलण्याच्या खाली दबलेली असते. साउंडट्रॅकचे अल्बम आहेत, पण नुसते अल्बम ऐकून भागत नाही. अल्बमवर धून नटूनथटून बसलेली असते. प्रसंगात ती कधी चार स्वरांपुरतीच येते आणि दार लागलं की जाते. म्हणून आधी भाग बघायचा, धून ओळखली की मिनिट-सेकंद टिपायचा, मग तेवढाच तुकडा अर्ध्या वेगानं परत परत ऐकायचा.

पहिली पंचाईत सा ची. आपल्याकडं बैठक सुरू झाली की तानपुऱ्यातला सा शेवटपर्यंत हलत नाही. इथं तीच धून एका भागात एका पट्टीत, दुसऱ्यात भलत्याच. मी ठरवून टाकलं की सगळं काळी चारमध्ये लिहायचं आणि मूळ पट्टी समासात पेन्सिलीनं. भातखंडे लिपीतल्या कोमल-तीव्रच्या खुणा, मात्रांचे कंस सगळं इथं चालतं. अडतं ते सुरावटीखाली जो स्वरसंवाद बदलत राहतो तिथं. पाश्चात्त्य धुनेत वरचा स्वर तोच असतो आणि खालची जमीन सरकते. तेवढ्यानं आनंदाची ओळ रडवी होते. त्यासाठी वहीत प्रत्येक ओळीखाली दुसरी ओळ आखली आणि तिथं फक्त खर्जातला आधारस्वर लिहीत गेले. ही युक्ती ज्यांना असलं काही उतरवायचंय त्यांनी जरूर करावी, नाहीतर निम्मी धून वहीबाहेरच राहते.

दुदुकनं मात्र घाम काढला. ते वाद्य एका स्वरातून दुसऱ्यात ओघळत जातं आणि पेटीला मींड नाही. अल्लादिया खाँसाहेबांच्या या कोल्हापुरात पेटीवर दुदुक वाजवून दाखवायची माझी छाती नाही. त्या ओळी मी आकारात गायच्या ठरवल्या.

तायकोसाठी आमच्याकडं हलगी आहेच. खासबागेत कुस्त्यांना वाजवणारे एक मामा आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहतात. त्यांना बोलावलं. आले ते हलगी आणि जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन. अंगणात कागद पेटवला, हलगी जाळावर गोल गोल फिरवली, मध्येच बोटानं टिचकी मारून कान लावला, परत फिरवली. ढब्ब वाजणारं कातडं बघता बघता खणखणायला लागलं. मग हेडफोन कानाला लावून लढाईचं एक लांबलचक संगीत ऐकलं आणि मला विचारलं, "ताई, हितं कुस्ती लागली कवा?"

मी म्हटलं, "मामा, अजून लागलीच नाही. नुसती समोरासमोर उभी आहेत."

"तरीच. ह्यो गडी हात राखून वाजवाय लागलाय."

अगदी खरं होतं. ते होतं दुसऱ्या सीझनमधलं 'प्रील्यूड टू वॉर'. आपल्याच बाजूची दोन जहाजं, गॅलॅक्टिका आणि पेगॅसस, एकमेकांवर उलटायच्या बेतात आहेत, तेव्हाचं. ढोल वाजताहेत, पण घाव पडत नाही. खासबागेत जोड सलामीला उभी असते तेव्हा हलगी वेगळी, डाव लागला की वेगळी, चितपट झाली की वेगळी. मामांचा सगळा जन्म त्यात गेलेला. एक इंग्रजी शब्द न कळता त्यांनी प्रसंग ओळखला. घुमकं आणि कैताळही आणतो म्हणाले, मीच नको म्हटलं. शेजाऱ्यांचाही विचार करावा लागतो.

खरा गुंता पानांचा झाला. पात्रागणिक पान म्हटलं, पण पहिल्या सीझनमध्येच ते मोडायला लागलं. गॅलॅक्टिकाचा कमांडर अडामा आणि त्याचा मुलगा ली यांच्यासाठी आयरिश वळणाची एक धून आहे. धाकटा मुलगा अपघातात गेला, त्याचा दोष ली बापाला देतो. दोघं एकाच जहाजावर, पण बोलणं कामापुरतं. 'द हँड ऑफ गॉड' या भागात कामगिरीवर निघालेल्या लीला बाप आपल्या वडिलांचा लायटर देतो, आणि याच भागात ही धून पाइप आणि बोलांसकट मोकळी होते. बोल गेलिक भाषेत. हिला बापाच्या पानावर घालू की मुलाच्या? दोन्हीकडं लिहून बघितली आणि दोन्हीकडं उपरी वाटली. ती दोघांच्या मधल्या अंतराची धून आहे.

अडामा आणि रोझलिन यांचंही तेच. रोझलिन शिक्षणमंत्री. वरचे सगळे मारले गेले म्हणून राष्ट्राध्यक्षपद गळ्यात पडलेलं, वर कर्करोग. आधी दोघं एकमेकांवर चिडतात, अडामा तर तिला कैदेतसुद्धा टाकतो. दुसऱ्या सीझनमध्ये त्या दोघांची म्हणून जी धून रुजते ती पुढं शेवटच्या भागापर्यंत साथ देते. प्रेम असं कुणी मोठ्यानं म्हणत नाही, धून तेवढी मधूनमधून येऊन जाते. शेवटच्या भागात खालचं हिरवं रान, चरणारी जनावरं बघत रोझलिन विमानात बसल्या जागी प्राण सोडते आणि अडामा स्वतःच्या बोटातली अंगठी काढून तिच्या बोटात घालतो. तिथं ती सुरावट परत आली तेव्हा मला वेळ टिपायची शुद्ध नव्हती. भाच्यानं टिपली.

मग मी पानांवरची नावं खोडली आणि जोड्या लिहिल्या: बाप-लेक, अडामा-रोझलिन, बाल्टर-सिक्स. मला या खटाटोपातून काही समजलं असेल तर ते हेच की पात्राची धून म्हणजे दारावरची पाटी नव्हे. अमका आला हे तर डोळ्यांना दिसतच असतं, त्यासाठी संगीत कशाला? दोन माणसांत जे घडलंय आणि जे त्यांनाही उघड बोलता येत नाही, ते धून लक्षात ठेवते. मालिका चांगली असेल तर संगीतकार ती फुकट खर्च करत नाही.

सिक्सची गोष्ट न्यारीच. माणसासारख्या दिसणाऱ्या सायलॉनचे ठरावीक साचे आणि एकेका साच्याच्या अनेक प्रती. सिक्स म्हणजे एकच चेहरा असलेल्या कितीतरी जणी. त्यात एक तर फक्त बाल्टर नावाच्या शास्त्रज्ञाच्या डोक्यात, ती दुसऱ्या कुणाला दिसतच नाही. तिची धून इवलीशी, इंडोनेशियातल्या गॅमेलान वाद्यमेळासारखी, धातूवर ठिबकणारी, फिरून फिरून तिथंच येणारी. तिसऱ्या सीझनमध्ये बाल्टर सायलॉनच्या जहाजावर असताना तीच नुसत्या पियानोवर येते आणि एकदम हळवी होते. स्वर तेच, वाद्य बदललं. मी ती पेटीवर वाजवली तर भाचा म्हणाला, "आत्ती, हे लग्नात मंगलाष्टकाआधी वाजतं तसं वाटतंय." म्हणजे या धुनेत स्वरांपेक्षा धातूचा नाद मोठा. पेटीच्या भात्यातून निघणारा सलग आवाज तिला मानवत नाही. एकदा ठण्ण होऊन विरून जाणारा स्वर पाहिजे.

उपाय म्हणून जलतरंग केलं. महाद्वार रोडवरून चिनी मातीचे वाडगे आणले. दुकानदारापुढं एकेक वाडगा चमच्यानं वाजवून निवडले. तो आधी हसला, मग स्वतःच मागच्या फळीवरचे काढून द्यायला लागला. घरी पेटीशी जुळवताना वाडग्यात पाणी वाढवलं की स्वर उतरतो, कमी केलं की चढतो. शेवटचा सूतभर फरक औषधाच्या ड्रॉपरनं थेंब थेंब टाकून मिटवायचा. पंखा बंद ठेवावा लागतो, नाहीतर पाणी हलतं आणि स्वरही. नाद धातूचा नाही झाला, पण ठिबकणं साधलं.

तिसऱ्या सीझनच्या शेवटी मात्र माझी जोड्यांची वहीही अपुरी पडली. २००७ साली आलेला 'क्रॉसरोड्स' हा भाग. टाय, टिरोल, अँडर्स आणि टोरी या माणसांत वावरणाऱ्या चौघांना जहाजात कुठून तरी सूर ऐकू येतात, इतरांना नाही. ते गुणगुणत, सूर शोधत एका खोलीत येतात आणि आपण सायलॉन आहोत हे त्यांना कळतं. तो सूर म्हणजे बॉब डिलनचं १९६७चं 'ऑल अलाँग द वॉचटावर'. आधारस्वर अगदी सोपे: सा, कोमल नी, कोमल ध, परत कोमल नी, पुन्हा सा. बोटं पहिल्याच दमात बसतात. आतापर्यंत धुना फक्त आपल्याला ऐकू यायच्या. इथं पात्रांनाच ऐकू आली.

पुढं चौथ्या सीझनमध्ये हेरा नावाची लहान मुलगी कागदावर रंगीत ठिपके काढते. कारा ही वैमानिक, ते ठिपके म्हणजे स्वर आहेत हे तिच्या लक्षात येतं आणि ती ते पियानोवर वाजवते. बापानं लहानपणी शिकवलेली तीच सुरावट. शेवटच्या भागात ती त्या स्वरांना आकडे देते, ते आकडे जहाजाच्या उडीसाठी भरते आणि गॅलॅक्टिका आपल्या पृथ्वीशी येऊन पोचते. आमच्या क्लासमध्ये लहान पोरांना मी पट्ट्यांवर आकडे चिकटवून शिकवते. हा प्रसंग दाखवल्यापासून त्यांची आकडे काढून टाकायची तयारी नाही, हा तोटा.

जमलेलं सगळं आमच्या घरी छोट्या बैठकीत वाजवलं. क्लासची पोरं, त्यांचे आईबाप, भाच्याचे मित्र आणि देवल क्लबच्या मैफिली न चुकवणारे एक बुवा. मी मालिकेची गोष्ट आधी सांगितली नाही. अडामा-रोझलिन वाजवून झाल्यावर बुवा म्हणाले, "राग कुठलाच नाही. पण ही दोन माणसं म्हातारी आहेत ना?" सिक्सच्या वेळी मात्र त्यांनी तोंड वाकडं केलं: "वाडगे छान लागलेत, धून कुठं आहे?" माझं मत वेगळं आहे, आणि ते मी त्यांना चहाबरोबर सांगितलंही. मामांनी हलगी वाजवली तेव्हा समोरच्या माडीवरची माणसंही गॅलरीत आली.

'पासाकाल्या' अजून बाकी आहे. पहिल्या सीझनचा शेवट ज्या दोन भागांत होतो त्याच्या सुरुवातीला येणारं हे तंतुवाद्यांचं संगीत. पासाकाल्या हा युरोपातला जुना प्रकार. खर्जात एकच ओळ फिरत राहते आणि वर दरवेळी नवं काही उमलतं. दोन हातांच्या पेटीवर ते होत नाही, कारण एक हात भात्याला जातो. खर्जाला दुसरी पेटी हवी, आणि भजनी मंडळाची पेटी आषाढीपर्यंत मोकळी नाही.