आईने मोजलेली पावलं

रविवार, रात्री साडेदहा

आज सातवं घर पाहिलं. बहुतेक हेच घेऊ.

शहराच्या मध्यात पाच माणसांना पुरेल असं भाड्याचं घर आमच्या आवाक्यात नाही, म्हणून महिनाभर उपनगरात हिंडतोय. इथे भाडं कमी आहे, पण जाण्यायेण्याचा वेळही त्यातच धरायला हवा. रोजचा दीड तास वाढला, तर महिन्याच्या 22 कामाच्या दिवसांत 33 तास होतात. ते मुलांच्या वाट्यातूनच जाणार. हा हिशेब मांडल्यावर दोन घरं न बघताच सोडली.

तिसऱ्या घराचा मात्र मोह पडला होता. ऐसपैस हॉल, मोठी गॅलरी. पण एकच भिंत ताजी रंगवलेली, बाकीच्या जुन्याच. तळाशी हात लावला तर गारढोण, आणि कोपऱ्यात पांढरी भुकटी. ओल भिंतीतून वर चढते, पृष्ठभागावर सुकते आणि आतले क्षार बाहेर ठेवून जाते. रंग मारल्याने ती काही दिवस दिसत नाही, एवढंच. धाकट्याला आधीच खोकल्याचा त्रास. तिथून निघताना मला रडू आलं, कारण मनात मी पडदेसुद्धा लावून झाले होते.

पाचव्या घराचं क्षेत्रफळ 90 चौरस मीटर सांगितलं होतं. आम्ही टेप लावून आतल्या खोल्या मोजल्या, तर जेमतेम 70. भिंतींची जाडी आणि जिन्यातला हिस्साही त्या आकड्यात धरला होता. तेव्हापासून टेप पिशवीतच असते.

आज पहिल्यांदा आई बरोबर आली. एरवी गुडघ्यांमुळे "तुम्हीच बघा" म्हणायची. आत आल्यावर तिने ना गॅलरी पाहिली, ना स्वयंपाकघर. "माझी खोली कुठली?" एवढंच विचारलं. मग पलंग जिथे येईल तिथे उभी राहिली आणि संडासापर्यंत हळूहळू चालत गेली. ओठ हलत होते. परत येऊन म्हणाली, "नऊ पावलं. मधे एक उंबरा आहे. दिव्याचं बटण दारामागे आहे गं, अंधारात सापडायचं नाही."

मी काही बोललेच नाही. सहा घरं पाहिली, नळ सोडून पाहिले, खिडक्या कुठल्या दिशेला आहेत ते पाहिलं, पण एकही घर आईच्या पलंगापासून पाहिलं नाही. रात्री ती दोनतीनदा उठते, हे मला ठाऊक आहे. आत्ताच्या घरात किती पावलं पडतात, ते मघाशी चालून मोजलं: चौदा. वाटेत मुलांच्या सायकली.

त्यानंतर लेकीनेही तिचं म्हणणं सांगितलं. भावाबरोबर एका खोलीत राहायला तिची ना नाही, पण मधे पुस्तकांचं कपाट आडवं लावायचं. ती अकरा वर्षांची झाली, तिला स्वतःचा कोपरा हवाच. टेपने मोजलं, बसतंय.

संध्याकाळी आम्ही दोघं परत जाऊन आलो. दुपारी शांत वाटलेला रस्ता रात्री कसा असतो, ते बघायचं होतं. गाड्यांचा आवाज आहे, पण मागच्या खोल्यांत फारसा येत नाही. जिन्यात दिवे आहेत. शेजारच्या बाईंना पाण्याचं विचारलं, तर त्यांनी सरळ आत नेऊन नळ सोडून दाखवला. फार बरं वाटलं.

मालकांनी बटण हलवायला आणि आईच्या वाटेत कठडा लावायला तोंडी होकार दिलाय. तो करारात लिहून घ्यायचा. अनामत घर सोडल्यावर किती दिवसांत परत मिळेल आणि कुठली दुरुस्ती कुणाकडे, हेही. किल्ल्या मिळाल्या की सामान हलवण्याआधी प्रत्येक भिंतीचे आणि मीटरच्या आकड्याचे फोटो काढायचे.

आणि आईचं लाकडी कपाट लिफ्टमध्ये मावतं का, ते मोजायचं राहिलंच.