खालच्या ओळीपासून खेळणारा स्पर्धक

क्विझ शोच्या चित्रीकरणाआधी खोट्या स्पर्धकांना बसवून तालीम घेतात. त्या वेळी नियम आणि गुण यांची वही माझ्याकडे असते. तालीम घ्यायची ती काय मोडतं ते बघायला. त्या दिवशी बरंच काही मोडलं, आणि तेही एकाच माणसामुळे.

बोर्ड नेहमीचा: सहा विषय, प्रत्येकाखाली पाच चौकोन, वर सोपा आणि कमी रकमेचा, खाली अवघड आणि जास्त रकमेचा. काही चौकोनांमागे बोनस दडवलेला. बाकीचे स्पर्धक शिस्तीत एकेक विषय वरून खाली संपवत होते. या गृहस्थांनी पहिलीच निवड तळाच्या ओळीतली केली, दुसरी तिसऱ्याच विषयातली, मग पुन्हा उडी. सूत्रसंचालकाच्या हातातली कार्डं विषयवार लावलेली, त्यामुळे प्रत्येक वेळी गठ्ठा उलटापालटा करावा लागे. कॅमेरामननं फ्रेम एका रांगेवर बांधली की निवड दुसऱ्या टोकाला. सगळ्यात वाईट गत झाली ती मागून-पुढून सारखीच वाचता येणारी उत्तरं मागणाऱ्या विषयाची. वरच्या प्रश्नाचं उत्तर 'कनक'. ते आलं की गंमत सगळ्यांच्या ध्यानात येणार, असा लिहिणाऱ्याचा हिशेब. सुरुवातच तळाच्या प्रश्नापासून झाल्यावर गंमत गेली आणि नुसता कूटप्रश्न उरला. प्रेक्षक म्हणून बसवलेले लोक उत्तरं पुटपुटायचे थांबले.

निर्मितीकडच्या मंडळींचा पहिला प्रश्न: ही लबाडी नाही का? दुसरा: वरूनच सुरुवात करायची असा नियम घालू या का?

लबाडी नाही. ही खेळी अमेरिकेतल्या 'जेपर्डी' या क्विझ शोमध्ये १९८५ पासून आहे. चक फॉरेस्ट नावाचा कायद्याचा विद्यार्थी बोर्डभर उड्या मारत खेळला, म्हणून तिकडे तिला 'फॉरेस्ट बाउन्स' म्हणतात. तिचा पहिला फायदा साधा आहे. पुढचा विषय कोणता, हे निवडणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. उरलेल्या दोघांना दर खेपेला डोकं एका विषयातून काढून दुसऱ्यात घालावं लागतं. प्रश्न वाचून होईपर्यंत बझर उघडत नाही, आणि घाईनं आधी दाबला तर पाव सेकंद तो बंद पडतो. अशा खेळात क्षणभर गोंधळलेला माणूस मागे पडतोच.

दुसरा फायदा मोठा. पहिल्या फेरीत एक आणि दुसऱ्या फेरीत दोन 'डेली डबल' नावाचे बोनस लपवलेले असतात. ज्यानं तो चौकोन निवडला त्यालाच उत्तर द्यायचा हक्क, आणि पैजेची रक्कमही त्यानंच ठरवायची: कमीत कमी ५ डॉलर, जास्तीत जास्त आपली सगळी कमाई (ती फारच कमी असेल तर त्या फेरीतल्या सर्वांत मोठ्या चौकोनाइतकी). हे चौकोन सगळीकडे सारखे विखुरलेले नसतात. पहिल्या ओळीत ते क्वचितच सापडतात, चौथ्या ओळीत सर्वाधिक, त्याखालोखाल तिसऱ्या आणि पाचव्या. दुसऱ्या फेरीतले दोन एकाच विषयाखाली नसतात, म्हणजे एक सापडला की तो अख्खा विषय शोधातून बाद. एवढं माहीत असताना वरून खाली खेळणं म्हणजे शिष्टाचार पाळणं झालं.

२०१४ मध्ये आर्थर चू यांनी हे टोकाला नेलं. क्रीडा या विषयात डेली डबल लागला तेव्हा त्यांनी फक्त ५ डॉलर लावले आणि प्रश्न होताच 'माहीत नाही' म्हणून मोकळे झाले. बघणाऱ्यांना तो उद्धटपणा वाटला. हिशेब असा होता की आपल्या कच्च्या विषयातला बोनस स्वतःच जाळून टाकला की प्रतिस्पर्ध्याला तो मिळत नाही. जिंकणं हा एक भाग, दुसऱ्याचं हत्यार काढून घेणं हा दुसरा. अकरा सामने जिंकले तरी त्यांच्यावर शिव्यांचा पाऊस पडला: बझर आपटतो, सूत्रसंचालकाचं बोलणं तोडतो, खेळाची वाट लावली.

शेवटच्या प्रश्नाला सगळेच उत्तर देतात आणि प्रत्येक जण आपल्या कमाईतली पैज आधीच लावतो. त्यावरची चू यांची पैज मी तालमीतल्या मंडळींना आकड्यांत मांडून दाखवली. समजा पहिल्याकडे १८,००० आणि दुसऱ्याकडे १२,००० आहेत. दुसऱ्यानं सगळं लावून बरोबर उत्तर दिलं तर त्याचे २४,००० होतील. म्हणून पहिला परंपरेनं ६,००१ लावतो, एका डॉलरनं वर राहायला. चू ६,००० लावत. दोघं बरोबर आले तर बरोबरी, आणि तेव्हाच्या नियमानं बरोबरीतले दोघंही पैसे घेऊन पुढच्या सामन्यात येत. आता उलट बाजू बघा. पहिल्याचं उत्तर चुकलं आणि दुसऱ्यानं काहीच लावलं नसेल, तर ६,००१ लावणारा ११,९९९ वर येऊन घरी जातो. ६,००० लावणारा १२,००० वर, म्हणजे टिकतो. एका डॉलरचा लोभ कशासाठी? शिवाय बरोबरीत सोबत येणारा स्पर्धक आपण एकदा पाहिलेला असतो, नव्याचं काय सांगावं!

२०१९ मध्ये जेम्स होल्झहाउअर आले. व्यवसायानं लास व्हेगासचे क्रीडा-सट्टेबाज. खेळी तीच, फक्त दिशा उलटी: आधी तळाची ओळ साफ करायची, हाताशी पैसा जमवायचा, मग डेली डबल सापडला की बहुतेक सगळं लावायचं. वरची अख्खी ओळ जिंकली तरी पहिल्या फेरीत १,२०० डॉलर मिळतात. तळाची ओळ ६,००० देते. दोन्ही फेऱ्यांतल्या सगळ्या चौकोनांची बेरीज ५४,००० होते. त्यांचा एका दिवसाचा विक्रम १,३१,१२७ आहे. म्हणजे निम्म्याहून जास्त पैसा पैजांमधूनच आला. त्यांच्या आधीचे विक्रमवीर केन जेनिंग्ज यांनी ७४ विजयांत २५,२०,७०० डॉलर मिळवले होते. होल्झहाउअर ३२ विजयांत २४,६२,२१६ वर पोचले.

प्रेक्षकांची तक्रार मात्र वेगळ्या सुरात होती. प्रेक्षकसंख्या वाढली, लोक त्यांना बघायला बसू लागले. 'वॉशिंग्टन पोस्ट'मधल्या एका स्तंभानं त्यांना खेळावरचं संकट ठरवलं, पण चूंसारखा तिरस्कार वाट्याला आला नाही. माझ्या मते फरक पैजेच्या आकारात आहे. ५ डॉलर लावणारा प्रेक्षकाच्या तोंडचा घास काढून घेतो. सगळं लावणारा त्याला श्वास रोखायला लावतो. खेळी दोघांचीही सारखीच थंड डोक्याची. ('जेपर्डी'त उत्तर प्रश्नाच्या रूपात द्यावं लागतं: माणूस असेल तर 'हू इज', वस्तू असेल तर 'व्हॉट इज'. मॅट अमोडिओ या स्पर्धकानं २०२१ मध्ये माणसाचं नाव असलं तरी 'व्हॉट्स' म्हणूनच उत्तर दिलं, नियमात बसत होतं, त्यावरही लोक चिडले. तेव्हा चिडायला पैसाच लागतो असंही नाही.)

'जेपर्डी'चे तेव्हाचे सूत्रसंचालक ॲलेक्स ट्रेबेक यांनाही उड्या आवडत नसत. लिहिणाऱ्यांनी प्रत्येक विषयाला एक ओघ दिलेला असतो, आणि डेली डबल संपल्यावरही उड्या मारण्यात काय हशील, हा त्यांचा आक्षेप होता. त्यातला दुसरा भाग मला पूर्ण पटत नाही, प्रतिस्पर्ध्याला गोंधळात ठेवायचा फायदा तेव्हाही उरतोच. पहिला मात्र खरा आहे. घरी बसलेला माणूसही खेळत असतो, आणि त्याला सोप्याकडून अवघडाकडे चढायला पायऱ्या लागतात. त्या काढून घेतल्यावर तो रागावतो, आणि त्या रागाला अन्यायाचं नाव देतो.

म्हणून वरूनच सुरुवात करायच्या नियमाला मी विरोध केला. निवडीचा हक्क द्यायचा आणि निवड ठरवून टाकायची, मग बोर्ड हवा कशाला? त्याऐवजी दुरुस्त्या आपल्या बाजूनं केल्या. सूत्रसंचालकाची कार्डं काढून चौकोनाचा क्रमांक दाबला की प्रश्न समोर येईल असा पडदा दिला. निवड होईपर्यंत अख्खा बोर्ड दिसेल इतका रुंद शॉट. विषयाची अट फेरीआधी मोठ्यानं वाचायची, आणि प्रत्येक प्रश्न वरच्यावाचून एकटा उभा राहतो का ते तपासायचं. 'कनक'वाला विषय असा पुन्हा लिहावा लागला.

बोनसच्या जागांवर सर्वांत जास्त वाद झाला. पूर्ण चिठ्ठ्या टाकून ठरवल्या तर शोधाशोध निष्फळ ठरते, पण बोनस वरच्या ओळीत पडला की दोन मिनिटांत, कुणाकडे लावायला पैसेच नसताना उघडतो. शेवटी पहिली ओळ वगळून उरलेल्या चार ओळींत चिठ्ठ्या. पैजेची किमान मर्यादा त्या चौकोनाच्या रकमेइतकी केली, म्हणजे ५ डॉलरची खेळी इथे चालणार नाही; खात्यात तेवढे नसतील तर उणे जाऊ द्यायचं. बरोबरीसाठी एक जादा प्रश्न, पहिला बझर दाबून बरोबर उत्तर देणारा जिंकला. जेपर्डीनंही २०१४ च्या नोव्हेंबरात हाच मार्ग धरला, आणि नेहमीच्या सामन्यात तो प्रश्न विचारायची वेळ थेट १ मार्च २०१८ च्या भागात आली. आमच्या वहीत तो प्रश्न दर भागासाठी वेगळा लिहून, पाकीटबंद ठेवायची सूचना आहे.