एकोणीस रात्री आमच्या, विसावी तिची

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर हा विषय मी आपणहून काढत नाही. प्रश्न ठरलेला असतो: "आपल्याकडे तेहतीस कोटी असताना ही आयरिश देवी कशाला?" आणि पाठोपाठ, "तू खरंच मानतेस का?"

मी डब्लिनला नर्स आहे. या देवीकडे, ब्रिजिडकडे, मला भक्तीने नाही, ड्यूटीच्या तक्त्याने नेलं. बाराव्या शतकात जेराल्ड ऑफ वेल्स नावाच्या पाद्र्याने आयर्लंडमधल्या किल्डेअर गावाबद्दल लिहून ठेवलंय की, तिथे संत ब्रिजिडचा अग्नी अखंड तेवतो आणि एकोणीस नन पाळीपाळीने एकेक रात्र तो राखतात. विसाव्या रात्री लाकडं रचायची, आजची पाळी तुझी असं ब्रिजिडला सांगायचं आणि निघून जायचं. सकाळी लाकडं जळालेली, अग्नी शाबूत. नाईट ड्यूटी वाटून घेणारी देवी! मला ती तिथेच आपली वाटली.

तो अग्नी सोळाव्या शतकात, ख्रिस्ती धर्मसुधारणेच्या धामधुमीत विझला. 1993 मध्ये ब्रिजिडाइन सिस्टर्स या कॅथलिक नन मंडळींनी तो पुन्हा पेटवला. त्यांची ती संत, आम्हा पेगन, म्हणजे ख्रिस्तीपूर्व देव मानणाऱ्या मंडळींची देवी. तिच्या विहिरीवर दोन्हीकडचे लोक येतात, शेजारच्या झाडाला चिंध्या बांधतात, कुणी कुणाला हटकत नाही. देशोदेशी छोटे गट वीस दिवसांचं चक्र वाटून घेतात. आपली पाळी आली की सूर्यास्तापासून दुसऱ्या सूर्यास्तापर्यंत दिवा सांभाळायचा. वॉर्डात ज्योत लावता येत नाही, म्हणून मी बॅटरीची पणती खिशात ठेवते. ती चालते का, यावर वाद आहेत. चालते. वैद्यकीची देवी आहे, तिला ऑक्सिजनचे नियम कळत असणार.

हे सगळं जसंच्या तसं प्राचीन आहे असं कुणी सांगितलं, तर मात्र विश्वास ठेवू नका. सन 900च्या सुमाराच्या एका आयरिश शब्दकोशात ती कवींची देवी, दाग्दा या देवाची मुलगी. तिच्याच नावाच्या दोन बहिणी, एक वैद्यकीची, एक लोहारकामाची. लिहिणारे ख्रिस्ती, आणि पूजा कशी होई ते त्यांनी लिहिलेलं नाही. 1 फेब्रुवारीचा इम्बोल्क हा तिचा सण जुना आहे, पण पेगन लोकांचं आठ सणांचं वर्षचक्र विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जुळवलेलं. असू दे. पाळी आजची आहे.

"म्हणजे आपली सरस्वतीच की!" हे ऐकलं की मात्र मी चिडते. एका जुन्या कथेत तिचा मुलगा रुआदान शत्रूच्या लोहाराला मारायला जातो. भाला लोहाराला लागतो, पण तो तोच भाला उपसून उलटा फेकतो आणि पोरगा मरतो. ब्रिजिड येते आणि किंचाळून रडते. आयर्लंडमध्ये मेलेल्यासाठी कुणी असं रडल्याचं ते पहिलंच, असं कथा सांगते. वॉर्डात पेशंट गेला की इथल्या रीतीप्रमाणे आम्ही खिडकी उघडतो. बाहेर त्याची आई हंबरडा फोडते तेव्हा मला वीणा आठवत नाही. मी मनात ब्रिजिडला म्हणते, ये, हे काम तुझं आहे. खरंच मानतेस का, याचं माझ्याकडे एवढंच उत्तर आहे. हाक मारते. हाक मारायला कुणी नसतं तर माझी रात्र वेगळी गेली असती.

घरच्या देव्हाऱ्यात रेणुका आहे, तिचं तिला मिळतं. ब्रिजिड स्वयंपाकघराच्या खिडकीत असते. दूधदुभत्याची देवी, तिला लोणी. आईला व्हिडिओ कॉलवर हे सगळं सांगितलं, तेव्हा तिने धर्म, बाटणं, काहीच काढलं नाही. एकच विचारलं, "दिवा फुंकून विझवत नाहीस ना?" म्हटलं, नाही गं, जेराल्डनेही तेच लिहिलंय: त्या अग्नीला तोंडाने फुंकर घालायची नाही, भाता नाहीतर पंखा वापरायचा. आणि भोवतालच्या कुंपणाच्या आत पुरुषांना मज्जाव.

"मग बरंय," आई म्हणाली. "बाबांना सांगते, लांबूनच नमस्कार करा."