तुम्ही विचारलंत म्हणून : आमच्या खेळगटाचा बाळंतविडा

लिफ्टमध्ये, डॉक्टरांकडे नंबर येईपर्यंत, भाजीच्या गाडीपाशी, कुठेही भेट झाली की प्रश्न येतोच. "पोर कडेवर असताना तुम्ही ते बांधकामावरच्या बायकांचं काम कसं जमवता? आमच्याही गटात सुरू करायचंय, कुठून सुरुवात करू?" आणि लगेच पुढचं, "बाळाचे कपडे पडलेत घरात पोतंभर, आणून देऊ का?" सगळ्यांना उभ्या उभ्या काहीतरी सांगते आणि घरी आल्यावर अपुरं वाटत राहतं. म्हणून आज बसून लिहितेय.

आमचा खेळगट पुण्याजवळच्या पुनावळ्यातल्या एका सोसायटीतला. मंगळवारी आणि शुक्रवारी दहा ते साडेअकरा, क्लब हाऊसमध्ये सतरंज्या घालून. सुरुवातीला आम्ही सहाजणी होतो. कुणी लातूरची, कुणी धुळ्याची, कुणी सावंतवाडीची. बाळंतपणानंतर आई परत गेली की दिवसभर बोलायला माणूस नाही, अशी सगळ्यांची गत. क्लब हाऊसच्या खिडकीतून पलीकडची साइट दिसायची. पत्र्याच्या खोल्या, दोन बांबूंना बांधलेली साडीची झोळी, झोळीत तान्हं बाळ आणि तिला झोका देणारी पाच-सहा वर्षांची बहीण. बाळाची आई वर कुठेतरी विटा वाहत असणार. पन्नासपेक्षा जास्त बायका कामावर असतील तर मुलांसाठी पाळणाघराची खोली हवी, असं तेव्हा लागू असलेला बांधकाम कामगारांचा 1996 चा कायदा सांगायचा. या साइटवर तेवढ्या बायका नव्हत्या. म्हणून मुलं झोळीत आणि बहिणीच्या भरवशावर.

काहीतरी करू या, असं सगळ्याच म्हणायला लागलो. आमच्यातल्या एकीच्या सासूबाई म्हणाल्या, "बाळंतिणीला आपण बाळंतविडा देतो ना? मग तोच द्या की." ते इतकं पटलं की आठ दिवसांत बारा पिशव्या भरल्या. झबली, टोपडी, दुपटी, बाळंतशेपा, डिंकाचे लाडू. आणि आमच्या मते सगळ्यात मोलाचं म्हणजे पावडरच्या दुधाचा एकेक डबा आणि बाटली.

वाट दाखवायला भागातल्या अंगणवाडी सेविकाताईंना बरोबर घेतलं, हे फार बरं झालं. त्यांनी पहिलीच पिशवी उघडली, डबा बाहेर काढला आणि म्हणाल्या, "हे परत न्या." आम्हाला वाईट वाटलं. मग त्यांनी तिथेच जिन्यात बसून समजावलं. बाटली उकळायला इंधन नाही, पाणी टँकरचं, म्हणजे जुलाब ठरलेले. बाळाला बाटलीची सवय लागली की ते अंगावर कमी ओढणार, आईचं दूध कमी होणार, आणि डबा संपला की दुसरा विकत घेणं परवडणार नाही. मग त्याच डब्यात पाणी वाढवत जायचं. शिवाय कायदाच आहे, 1992 चा; अनाथालयाचा अपवाद सोडला तर पावडरचं दूध आणि बाटल्या कुणी कुणाला दान म्हणून वाटायच्या नाहीत. आम्ही सगळ्या शिकलेल्या, सगळ्या स्वतः अंगावर पाजणाऱ्या, आणि एकीलाही हे माहीत नव्हतं. पुढे ताई म्हणाल्या, "तुम्ही त्यांना विचारलंत का, काय हवंय ते?"

नव्हतं विचारलं.

तुमच्या दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर हेच आहे. आधी विचारायला जा, रिकाम्या हातांनी. अवघड वाटतं, मान्य आहे. काही न घेता कुणाच्या दारात कसं जायचं? पण आपणही कडेवर पोर घेऊनच जातो, आणि दोन आया समोरासमोर आल्या की "दात आले का?" पासून बोलणं सुरू होतंच.

त्या झोळीतल्या बाळाची आई परभणीकडची. ती म्हणाली, "कपडे लई हायेत ताई. समदे कपडेच देत्यात. रातच्याला डास लई चावत्यात लेकराला, त्याचं काय करता का बघा." खरंच, बाळाच्या गालांवर, पापण्यांवर लाल ठिपके होते. आम्ही बाजारातून छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी आणली. ती झोळीवर बसेना, कारण झोळी हलते आणि बाळ मधोमध खाली खोल जातं. परत त्याच सासूबाई कामी आल्या. झोळीचं माप घेऊन त्यांनी जाळीच्या कापडाची लांब पिशवी शिवली, उशीच्या अभ्र्यासारखी, दोन्ही तोंडांना नाडी. ती आधी साडीवर ओढायची, मग साडीची टोकं बांबूला बांधायची आणि नाड्या आवळायच्या. जाळी तोंडावर पडू नये म्हणून आत बांबूच्या दोन कामट्या. पहिली दोन मापं चुकली, तिसरी नीट बसली. त्या हिवाळ्यात अशा नऊ शिवल्या. आजही आमच्या बाळंतविड्यात सगळ्यात वर ती जाळी असते. तिच्याखाली अंगाचा साबण, झाकणाची बादली आणि लाडू. झबलं एकच, नवं. पोतंभर जुने कपडे मी नाही म्हणते ते म्हणूनच. राग मानू नका.

दुसरी गोष्ट आम्ही उशिरा शिकलो. या मुलांची नावं अंगणवाडीत नव्हतीच. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना घरी न्यायचा आहार, तीन ते सहाच्यांना तिथेच गरम जेवण, हे त्यांच्या हक्काचं आहे. अंगणवाड्या 1975 पासून त्यासाठीच आहेत. जे हक्काचं आहे ते आपण दान म्हणून का वाटायचं? म्हणून आता महिन्यातून एकदा आमच्यातल्या दोघी ताईंबरोबर फिरतात, नवी कुटुंबं आली असतील त्यांची नावं नोंदवायला मदत करतात. ताईंकडे दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर लाल. एका दीड वर्षाच्या मुलीच्या दंडाला ती पट्टी गुंडाळलेली मी पाहिली. पट्टीवरची खूण लालवर आली, आणि माझ्या कडेवरच्या, तिच्याच वयाच्या मुलाचा दंड माझ्या हाताला लागत होता. ती मुलगी पुढे दवाखान्यात राहून आली, आता बरी आहे. लाडवांनी ते झालं नसतं.

दुधाबद्दलही विचारतात. आमच्यातल्या तिघींना दूध जास्त होतं, त्यांनी एका रुग्णालयाच्या दुग्धपेढीत दिलं. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये आशियातली पहिली दुग्धपेढी सुरू केली. तेव्हापासून कमी दिवसांच्या बाळांना हे दूध मिळतंय. आधी दूध देणाऱ्या आईच्या रक्ताच्या तपासण्या होतात, मग दूध साडेबासष्ट अंशांवर अर्धा तास तापवून गोठवतात. आपल्या बाळाचं पोट भरून उरलेलंच द्यायचं, आणि ते पेढीतच, परस्पर कुणाला नाही.

बोरन्हाणाचं मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. संक्रांतीनंतर आम्ही आमच्या मुलांचं क्लब हाऊसमध्ये करायचो. दोन वर्षांपूर्वी ठरवलं, सगळ्यांचं एकत्र, साइटच्या मोकळ्या जागेत, रविवारी, कारण बायकांना सुट्टी तेव्हाच. काळ्या कापडाची झबली, हलव्याचे दागिने, चौदा बाळं एका सतरंजीवर. डोक्यावरून ओतायला फक्त चुरमुरे. बोरं, उसाचे करवे, रेवड्या मोठ्या मुलांसाठी वेगळ्या वाटल्या, तान्ह्यांच्या घशात अडकायला नकोत म्हणून. झोका देणारी ती बहीण दोन्ही ओंजळी भरून आली आणि आधी माझ्या मुलाच्या हातावर दोन रेवड्या ठेवल्या. रेवड्या मी काढून घेतल्या, तिला घट्ट जवळ घेतलं.

त्याच दिवशी आमच्यातल्या एकीने फोटो काढले. एक आई हळूच म्हणाली, "माह्या लेकराचा फोटू कुठं टाकनार?" तेव्हापासून आम्ही तिथे फोन पिशवीतच ठेवतो. वाटप करतानाचे फोटो हवेत, अशी अट घालून वस्तू देणाऱ्यांना नम्रपणे नाही म्हणतो.

वेळेचं म्हणाल तर आठवड्याला फार तर दोन तास. एकीचं पोर आजारी पडलं की दुसरी जाते. कुणी दोन महिने आली नाही तरी कुणी विचारत नाही. रोख पैसे घेत नाही, वस्तूच घेतो, आणि त्याही वहीत लिहिलेल्याच. ती दोनशे पानी वही क्लब हाऊसच्या कपाटात असते. ज्या बाईने जे मागितलं ते तिच्याच शब्दांत लिहायचं, मिळालं की बरोबरची खूण. काहीतरी द्यायचंय म्हणून येणाऱ्यांना मी आधी वही दाखवते. सध्याच्या पानावर आहे: "पावसाच्या आत ताडपत्री, दोन खोल्यांना. नखं काढायचं छोटं कटर. लेकीला साळंत घालायचंय, संगं कुनी येईल का."

शेवटच्या ओळीसाठी सोमवारी सकाळी मी चाललेय. बरोबर येणार असाल तर दहाला गेटपाशी या.